नावाखालची ओळ

राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या काही जागांसाठी मत द्यायला पदवी लागते, असा कायदा असलेल्या मुलखातून मी आलो. पुण्याच्या पदवीधर मतदारसंघात माझे नाव होते. पुढे जपानात, कोबेत, व्यापारी कंपनीच्या नोकरीत आयुष्य गेले, कर भरत म्हातारा झालो. परंतु पारपत्र भारतीयच ठेवले, म्हणून इथे मला कोणत्याही निवडणुकीत मत नाही. मतदानाचे वय अठरावर आणल्याने माझ्या नातीला मात्र, जपानी आईच्या मुलीला, ते आयतेच मिळाले.

मुलगा आणि सून टोकियोत एदोगावाला राहतात. नात कॉलेजसाठी माझ्याकडे होती. इथल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीचे तिचे मतदार कार्ड टपालाने येताच मी तिला समोर बसवले. परदेशी रहिवाशांना मताधिकार द्या, अशी पत्रे मी महापालिकेला वर्षानुवर्षे लिहिली. उत्तरे येत ती केवळ आभाराची. आता माझी मागणी मतपेटीत जाणार होती. पुण्यात पसंतीच्या आकड्याखेरीज रेघ ओढली तरी मत बाद होते. इथे मात्र कोरा कागद आणि पेन्सिल देऊन उमेदवाराचे नाव हाताने लिहायला सांगतात. त्याअर्थी लिहिण्यास मुभा असणार, असा माझा तर्क होता. नावाखाली लिहायची ओळ मी तिच्याकडून घोटवून घेतली.

"कोंबडीचे पाय काढू नकोस. नीट लिही."

"हाय," ती म्हणाली. होकारही ती मराठीत नव्हे, जपानीत देई.

मतदान शाळेच्या व्यायामगृहात होते. मी फाटकाबाहेर थांबलो. ती परत आली.

"लिहिलीस ओळ?"

"शब्दन्‌शब्द," ती प्रथमच मराठीत बोलली. "मत बाद होणार, आजोबा. नावाशिवाय काही लिहिलं की बाद. शाळेत शिकवतात."

"आधी बोलायला काय झाले होते?"

"तुम्हाला कायदा कोण सांगणार? मागे सांगायला गेले, तर म्हणालात, अक्कल शिकवू नकोस."

"म्हणून स्वतःचे पहिले मत जाळलेस?"

"माझं कुठे होतं ते?"

घरी येऊन मी कलम तपासले. तिचे बरोबर होते, आणि त्यानेच माझा संताप दुप्पट झाला. त्याच दिवशी मी मुलाला पत्र घातले: माझ्या छपराखाली राहून माझी अशी विटंबना करणाऱ्या मुलीची सोय त्याने तत्काळ अन्यत्र करावी.

पत्र पोहोचल्यावर त्याने फोन केला.

"तिने खोली कधीच पाहून ठेवली आहे, बाबा. तुम्ही एकटे पडाल, म्हणून मीच तिला थांबवत होतो. आता नाही थांबवणार."