कायमची सेकंड शिफ्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बहिणीजवळ नाही, आणि ज्याच्याबरोबर एकाच कारखान्यात इतकी वर्षं काढली त्या निकमजवळ तर नाहीच — त्याला अर्धं माहीत होतं तरी. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच, नाही का?

मी अंबडला एका कारखान्यात लेथवर होतो. राहायला सिडकोत, दोन खोल्यांत. दर आठवड्याला पाळी बदलायची — फर्स्ट, सेकंड, थर्ड. सत्त्याण्णव साल असेल, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी सुमननं, माझ्या बायकोनं, आणि मी बसून ठरवलं. फर्स्टला असलो की संध्याकाळचं त्यांचं सगळं मी बघायचं, थर्डला असलो की दुपारचं. सेकंडच्या आठवड्यात मात्र मी दुपारी दोनला बाहेर पडणार, तेव्हा ती एकटी. एक आठवडा तर आहे, निभेल, असं ती म्हणाली होती.

निभलं असतं हो. ती दणकट बाई होती — अंगानं नाही, मनानं. शेजारणी विचारायच्या, अगं, तू दमत कशी नाहीस? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"आम्ही दोघं ओढतोय ना, म्हणून निघतंय."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! आबांना कूस बदलवताना, त्यांची चादर पिळताना, अगदी हसत म्हणायची. तिला त्याचंच बळ होतं. आपला नवराही तिकडे पिचतोय, आपण एकट्या नाही — एवढं तिला पुरत होतं.

आणि मी? सांगतो. सांगायलाच बसलोय.

ठरल्याप्रमाणे मी तीन आठवडे केलं. आबांचं अंग पुसलं, भांडं दिलं, भात भरवला. तो भात ओठाच्या कोपऱ्यातून परत यायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला सोसेना. चौथ्या आठवड्यात मी निकमला गाठलं. त्याला सेकंड शिफ्ट नको असायची, पोरांच्या अभ्यासाला संध्याकाळी घरी बसायचं असायचं. म्हटलं, तुझ्या सगळ्या सेकंड मी करतो, माझ्या फर्स्ट आणि थर्ड तू घे. साहेबांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, त्यांचं काय जाणार होतं? आणि घरी येऊन सुमनला म्हणालो की, कंपनीनं मला कायमची सेकंड लावली. माझा चेहराही पडलेला होता. ती उलट मलाच धीर देत बसली.

पाच वर्षं, तुम्हाला सांगतो. पाच वर्षं.

मी सकाळी दहाला उठायचो. तोवर आबांचं अंग पुसून, कपडे बदलून, खोली धुऊन झालेली असायची. माझी झोप मोडू नये म्हणून ती दबक्या पावलानं वावरायची, भांडं वाजू द्यायची नाही. मग डबा हातात द्यायची आणि कोपऱ्यावर कंपनीची बस येईपर्यंत दारात उभी राहायची. बस वळली की मला हलकं वाटायचं. खरंच हलकं वाटायचं. कामात माझा जीव रमायचा, साहेब नावाजायचे, लोक म्हणायचे, बाप अंथरुणाला खिळलाय तरी गडी खचला नाही. का खचेन मी?

निकमचं बिऱ्हाड तोवर गावाकडे, चांदवडला होतं; तो रोज अप-डाऊन करायचा. पाचव्या वर्षी तो सिडकोत राहायला आला. संक्रांतीला त्याच्या बायकोनं हळदीकुंकू केलं आणि माझ्या बायकोलाही बोलावलं. तिथे पाळ्यांचा विषय निघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना निकम सहज म्हणाला की, आमच्या हिनं वहिनींचे हात धरून आभार मानले, भाऊजींनी इतकी वर्षं सेकंड घेतली म्हणून आमची पोरं मार्गी लागली.

त्या दिवशी लेथवर माझ्या हातून दोन जॉब बिघडले. घरी ती विचारेल म्हणून मी तयारीत होतो. तिनं विचारलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. काम पूर्वीइतकंच करायची, चादर तशीच पिळायची. फक्त 'आम्ही दोघं ओढतोय' हे म्हणणं बंद झालं. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, दमते ना. मग जिन्यात बसायला लागली. मग केस विंचरायचे राहायला लागले. मी तेव्हाही पाळी बदलून घेतली नाही — बदलली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

पुढच्या श्रावणात आबा गेले. तेराव्याला मामांनी मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "लय केलं रे तू बापाचं. कंपनीत राबून केलं. खरं ना सूनबाई?"

सुमन वरणाचं भांडं घेऊन उभी होती. मी मान खाली घातली.

"हो मामा, त्यांनीच केलं," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

मी टोपी घातली. तेव्हा बोलता आलं असतं. सगळे होते. मी टोपी घातली आणि मामांच्या पाया पडलो.

आता व्हीआरएस घेऊन घरीच असतो. डॉक्टर म्हणतात, तिला आजार असा काही नाही. ती खिडकीपाशी बसते, विचारलं तर बरं म्हणते. मी चहा करतो, भाजी चिरतो, ती बरं म्हणते. तिच्यात आता काही परत येईल असं मला वाटत नाही.

सकाळी ती अजूनही दबक्या पावलानंच उठते, भांडं वाजू देत नाही. मी जागा असतो. डोळे मिटून पडून राहतो.