उजेडाला धरलेलं पान

"छापू का, मास्तर?"

पाटीवर एक अक्षर काढायचं असलं तरी माझ्या वर्गातले मामा आधी हे विचारायचे. मी 'छापा' म्हटलं की पाटीवर फुंकर, मग अक्षर, आणि वरून मुठीचा ठोका. धप्. कापडावर लाकडी ठसा ठेवून ठोकतात ना, तसा. निम्मं अक्षर त्या ठोक्यातच पुसलं जायचं. मग परत 'छापू का?'

लष्कर मोहल्ल्यात आमच्या मराठी बोलणाऱ्या लोकांच्या देवळामागे हॉल आहे. तिथे संध्याकाळी आईबाप आणि पोरं एकत्र कन्नड शिकायला बसायची. नियम एकच, घरटी एक पाटी. मी तिथला मास्तर, तोही नावापुरता. माझ्या गावी, एच. डी. कोट्याच्या शाळेत मी अभ्यास कमी आणि हेडमास्तरांच्या नकला जास्त केल्या होत्या. त्याच भांडवलावर वर्ग चालायचा.

मामांचे बाप-आजे कापडं छापायचे, मामाही छापायचे. पुढे ते काम बसलं, ठसे ट्रंकेत गेले आणि मामा हेब्बाळच्या एका कारखान्यात खोकी बांधायला लागले. बायको सहावी शिकलेली, मुलगी चौथीत. पहिल्या दिवशी मी विचारलं, का आलात? म्हणाले, "घरात दोघी वाचतात बा. मी सुम्ने बघत बसतो."

सुम्ने म्हणजे उगीच. पण त्यांनी ते असं म्हटलं की मला पुढे विनोद सुचेना.

अर्थात लगेच सुचला. मामांनी पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते उलटं, आरशात दिसतं तसं. दुसरं काढलं, तेही उलटं. मी फळ्याकडे तोंड करून पाठमोरा चालत त्यांची नक्कल केली. हॉल हसला, मामाही हसले. मुलगी तेवढी हसली नाही.

"ठशावर असंच असतं," ती म्हणाली.

खरंच की. कापडावर सुलटं उमटायचं तर लाकडात उलटं कोरावं लागतं. काठाच्या नक्षीखाली दुकानाचं नाव असायचं, आणि लहानपणापासून मामांनी अक्षरं पाहिली ती तेवढीच, ठशावरची. मी गुपचूप खाली बसलो. असं माझं सहसा होत नाही.

मग मुलगी अप्पांची, म्हणजे मामांची, अक्षरं सुलटी करायला लागली आणि मामा तिचा भागाकार. तो तिला अजिबात जमत नव्हता. ते म्हणायचे, "हे बघ, एवढा काठ, एवढा ठसा. किती वेळा बसेल? आधी हिशेब नाही काढलास तर कोपऱ्यात फूल कापलं जातं." पोरगी बाकावर वीत टाकत गणितं करायला लागली. कोण कुणाला शिकवतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपला हजेरी घ्यायचो.

वर्ग संपताना एका रविवारी सकाळी सगळ्यांसमोर वाचन ठेवलं. प्रत्येक घरातल्या मोठ्यानं एक पान वाचायचं. पानं मीच जाड पेनानं लिहिली, ज्याच्या त्याच्या घरातलीच गोष्ट. 'माझे अप्पा वाचणार' असं मुलीनं शाळेत सांगून ठेवलं होतं. चार मैत्रिणी पहिल्या रांगेत येऊन बसल्या. खात्री करायलाच म्हणा ना.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. "छापू का?" "छापा."

पहिली ओळ झाली. दुसरीवर गाडी अडली. पहिल्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मामांनी पानाची घडी केली. "राहू दे मास्तर, पुढच्यांना घ्या."

मुलीनं त्यांच्या हातातून पान घेतलं, उलगडलं, आणि सरळ खिडकीपाशी गेली. लिहिलेली बाजू बाहेर करून काचेला लावलं. उन्हात माझी जाड अक्षरं मागून उमटली, सगळी उलटी.

"आता वाचा, अप्पा."

आणि मामा सुटले. घरात तीन माणसं आहेत, ट्रंकेत चाळीस ठसे आहेत, आंब्याच्या ठशाचा कोपरा उंदरानं खाल्लाय. धडाधड. शेवटची ओळ होती, 'आता आमच्या घरी तिघं वाचतात.' ती त्यांनी दोनदा वाचली आणि खिडकीच्या चौकटीवर मूठ ठोकली. धप्. मग सगळा हॉल बाकं ठोकायला लागला. मैत्रिणी सगळ्यात जोरात.

नंतर कळलं, घरी बापलेकीचं हे रोज चालायचं. ट्यूबलाइटला पान धरून एकदा उलटं, मग एकदा सुलटं. मामा मात्र ओशाळून म्हणाले, "उलटंच वाचलं की हो मास्तर." मी म्हटलं, मामा, मला चौथीत सुलटंही येत नव्हतं.

पुढच्या वर्षी मामांच्या सासऱ्यांचं दुकान बघायला ते कुटुंब एच. डी. कोट्याला गेलं. माझ्याच गावी. मी इथे, ते तिथे. हॉलमध्ये अजून वर्ग भरतो. मी मामांची नक्कल करतो, ठोक्यासकट. नवी पोरं हसतात.

गेल्या आठवड्यात मामांच्या हातचं पत्र आलं. मुलगी पाचवीत आहे, भागाकार चुकत नाही, दुकानाची पाटी मामांनी स्वतः रंगवली. पत्रातली सगळी अक्षरं सुलटी, ठसठशीत. फक्त शेवटची ओळ उलटी.

मी खिडकीपाशी गेलो आणि पत्र उजेडाला धरलं.

'छापू का, मास्तर?'

चौकटीवर मूठ ठोकून मी म्हटलं, छापा.