खटक्याच्या मधोमध

कुंभार पिंपळगावच्या बाजारात तो जीपमागं घरासारखी ट्रॉली ओढत यायचा. संसार त्यातच. आत त्याची बायको दिवसभर मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनवर कपडे शिवत असायची. टपावरच्या सोलरनं भरलेल्या बॅटरीला तो 'घरची' म्हणायचा आणि शेजारच्या हॉटेलातून वायर टाकून घेतलेल्या लाईटीला 'गावची'. "दोघींना एका टायमाला बोलवायचं न्हाई, भांडत्यात," असं म्हणत तो एका बाजूला 'घरची' न् दुसऱ्या बाजूला 'गावची' असलेला खटका वळवायचा, निजलेल्या लेकराची कूस बदलावी तसा.

खटका मधोमध आला की क्षणभर दोघींपैकी कुठलीच लाईट नसायची. मशीन थांबायचं, पंखा थांबायचा. सगळा बाजार पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा. मग आतून हाक यायची, "अहो, हाय ना तुम्ही?"

"हाय की. हितंच हाय." एवढं म्हणूनच तो खटका पुढं ढकलायचा.

एका दुपारी मी पिशवीला चेन बसवून घ्यायला थांबलो होतो. सहज म्हणालो, "ऑटोमॅटिक खटका बसवा की. लाईट कधी बदलली, बिलकुल कळणार नाही."

त्यानं ट्रॉलीच्या पडद्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दाखवला व्हता एकानं. पर मंग ती मला हाक कशाला मारंल?"