चाकामागचा चिरा

माझ्या गाडीला पाच गिअर, एक हँडब्रेक आणि एक दगड आहे. त्यातला भरवशाचा फक्त दगड.

दगड म्हणजे आपला जांभा चिरा. कंपाउंड वॉल बांधून उरलेला अर्धा तुकडा. गाडी सेकंडहँड घेतली त्याच आठवड्यात, मी हँडब्रेक ओढून, कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून घरात चहा पीत असताना ती उतारावरून स्वतःच्या मर्जीने निघाली आणि शेजारच्या काकूंच्या अबोलीत जाऊन बसली. मेकॅनिक म्हणाला, "हँडब्रेक टकाटक आहे, तुम्ही ओढता अर्धवट." (वा! म्हणजे गाडी ठणठणीत, मालक बिघडलेला!) तेव्हापासून मी हँडब्रेक ओढतो, गाडी गिअरमध्ये टाकतो आणि वर चाकामागे चिरा लावतो. चिऱ्याचा मुक्काम कायम डिकीत.

यंदा दसऱ्याला बायकोने, म्हणजे नीताने, गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं रीतसर. डिकी उघडी होती, तर तिने चिऱ्यालाही हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली.

"अगं, तो दगड आहे!"

"मग? गाडी थांबवतो कोण? तो की तुम्ही?"

त्यात माझे सासरे, अण्णा, देवरूखहून सणाला आलेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वेळणेश्वराला जायचं ठरलेलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, फक्त चालवणार कोण यावर एकमत नव्हतं. अण्णांचा कल त्यांच्या चिरंजीवांकडे. हा माझा मेव्हणा संदीप मुंबईला असतो आणि एका हाताने रिव्हर्स घेतो. (दुसऱ्या हाताने मिशी कुरवाळतो. मी बघितलंय.)

"संदीप येतोच आहे रात्री. तो चालवील," अण्णा म्हणाले.

"माझी गाडी मी चालवणार!"

"असं? मग आज संध्याकाळी त्या समुद्रावरच्या बागेत न्या बघू आम्हाला. चढ आहे म्हणतात तिथे. तो जमला तर उद्या तुम्ही."

म्हणजे ट्रायल! लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या जावयाची! मी नीताला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "अण्णांसमोर दगडाचं नाव काढायचं नाही. चाकाला दगड लावणाऱ्या माणसाच्या हाती ते उद्या स्टिअरिंग देतील काय?"

निघालो. बागेच्या चढावर ऐन मध्यावर पुढची रिक्षा थांबली, म्हणून मी थांबलो. रिक्षा गेली. मी नाही गेलो. गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली. मागे एसटी.

"जावईबापू, आपण मागे चाललोय काय?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

"नाही हो, जरा जागा घेतोय."

"कोणाची? एसटीची?"

एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "ओ काका, गाडी चालवताय की झोपवताय?" त्या अपमानाने माझा पाय जो ॲक्सिलरेटरवर पडला, तो थेट बागेच्या फाटकाशीच उचलला. नीताने तोवर येतील तेवढी सगळी स्तोत्रं म्हणून घेतली होती.

"तुम्ही आत व्हा, मी गाडी लावून येतो," मी दोघांना उतरवलं. आता अण्णांच्या नजरेआड काम उरकायचं होतं.

पार्किंगमधली सपाट जागा भरलेली. एकच मोकळी.

"ती साहेबांची," वॉचमन म्हणाला.

"कुठले साहेब?"

"ते आले की कळेल. तुम्ही वर लावा, चढावर."

झालं! सगळ्या रत्नागिरीत माझ्यासाठी उरला तो चढच. गाडी वर घेतली, तोंड चढाकडे ठेवलं, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि इकडेतिकडे बघत मागच्या चाकाला चिरा लावला. हळदकुंकू, माळ, सगळ्या थाटासकट. शेजारी पिंपळाचं एक छोटं झाड होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. (द्यायला हवं होतं.)

बागेत अण्णा बाकावर बसले. समोर सूर्य समुद्रात उतरत होता, वारा मस्त, आणि अण्णांचा चेहरा चक्क प्रसन्न!

"लावलीत नीट?"

"एकदम."

"जमलं हो तुम्हाला. उद्या तुम्हीच चालवा."

खरं सांगतो, लग्नात हार घालतानाही मला एवढं भरून आलं नव्हतं. मी सगळ्यांना भेळ दिली, वर कुल्फी दिली. संदीपलाही एखादी पाठवली असती, पण वितळली असती.

परत आलो, तर माझ्या गाडीमागे ही गर्दी! कोल्हापूरकडची एक मिनीबस आली होती आणि तिच्यातली माणसं चपला काढून रांगेत उभी. चाकाशी उदबत्ती. नारळ फुटलेला. चिऱ्यावर माझ्या माळेशिवाय आणखी दोन हार! मी घाईघाईने वाकून चिऱ्याला हात घातला.

"आवं! देवाला हात लावताय व्हय?" एक मावशी ओरडल्या. "आन् गाडी कुणाची ही? देवाच्या अंगावर लावलीया! काय लाजबिज?"

"अहो मावशी, हा देव नाही, हा..."

मी हात मागे घेतला, कारण मावशींच्या शेजारी अण्णा उभे होते. चपला काढून, डोळे मिटून, हात जोडून! आता 'हा माझा दगड' म्हणावं, तर वेळणेश्वर गेलं. मी आशेने वॉचमनकडे बघितलं. त्याच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता.

"जुनं ठाणं आहे ओ," तो चावत म्हणाला. "मी आल्यापासून बघतोय." (तो आल्याला दोन तास झाले असतील.)

मी नीताकडे बघितलं. कुंकू लावणारी ही बाई समुद्राकडे तोंड करून बोटी बघत होती!

शेवटी मीही माझ्याच चिऱ्याला नमस्कार केला आणि तिघं गाडीत बसलो. चिरा राहू दे, गाडी पुढे तर काढू! हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, गाडीने उचकी दिली आणि थप्पकन मागे चिऱ्यावर येऊन टेकली.

"आवं, देवाच्या डोस्क्यावर गाडी घालतुया ह्यो!"

पुन्हा प्रयत्न. पुन्हा थप्प. तिसऱ्या खेपेला मावशींनी सूत्रं हाती घेतली. "बघता काय? देवाचं नाव घ्या आन् ढकला!" मिनीबसमधली चार दणकट माणसं पुढे झाली आणि गजर करत त्यांनी माझी गाडी, माझ्यासकट, चढाच्या माथ्यावर नेऊन ठेवली. आरशात बघितलं, तर माझा चिरा तिथेच, हारांत बुडालेला, आणि मावशी त्याला पदराने पुसत होत्या.

खाली बाजारपेठ आली.

"दगड राहिला ना तुमचा?" अण्णा म्हणाले.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"सकाळी आंब्याची पानं काढायला डिकी उघडली, तेव्हाच बघितला."

"मग तिथे चपला काढून नमस्कार कशास केलात?"

"तुमच्याच गाडीत बसून परत यायचं होतं ना!"

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वराला संदीप चालवत होता. पुढे अण्णा, मागे नीता आणि मी. माझ्या मांडीवर नवा चिरा. अण्णांनी सकाळी स्वतः परसातून निवडून आणला होता. "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही गाडी चालवलीत की लोक शिव्या घालतात. दगड लावलात की पाया पडतात. तुम्ही आपला दगडच लावा. हाताला गुण आहे तुमच्या."

वाटेत जिथे जिथे गाडी थांबली, तिथे तिथे मी उतरलो आणि चिरा लावला. संदीपने ओढलेल्या हँडब्रेकला त्याची गरज एकदाही पडली नाही. तरी परत आल्यावर अण्णांनी पाठ थोपटली ती माझीच.