सत्त्याण्णव नंबरचं कार्ड

तुम्ही तो चहाचा घोट आधी गिळून टाका बरं. पुढचं ऐकताना तोंडात चहा असला तर तो समोरच्याच्या अंगावर उडेल, आणि नाव माझं येईल. माझे पचके आधीच काय कमी झालेत?

तर, गोष्ट कॅनडातल्या किचनर गावची. दोन हजार सतराचा हिवाळा. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात हेच काम मी लहानपणापासून फुकट करत होते!

आमचा मॅनेजर गॉर्डन. देवमाणूस. कॅनडात आल्यावर पहिली नोकरी मला त्यानेच दिली. तो आता रिटायर होणार होता आणि त्याच्या जागी कोण येणार ते ठरायचं होतं. माझा डोळा कुठे होता हे वेगळं सांगायला हवं का?

जायच्या आधी त्याने सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर म्हणाला, "चला, बेसमेंटमध्ये माझा खजिना दाखवतो."

खाली जाऊन बघते तर काय, फायली! जाडजूड फायली, त्यांत प्लॅस्टिकचे खिसे आणि प्रत्येक खिशात एक बेसबॉल खेळाडूचं कार्ड. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं. पुढे चित्र, मागे माहिती आणि नंबर. हा खजिना! साठी उलटलेला, नातवंडं असलेला माणूस! आमच्या गल्लीतली पोरं काड्यापेटीचे छाप जमवायची, पण मिसरूड फुटलं की लाजून सोडून द्यायची हो.

आणि खेळ तरी कोणता? तर बेसबॉल. जो क्रिकेट येत नसलेल्या लोकांनी काढला असावा, असं माझं स्पष्ट मत होतं. अजूनही आहे.

गॉर्डन एकेक फाईल उघडून सांगत होता. "ह्या सेटमध्ये बघ. शंभर, दोनशे असे गोल नंबर फक्त मोठ्या खेळाडूंना."

"आणि बाकीच्यांना?"

"उरलेले."

"आणि हे काय? ह्या दोघांचा नंबर एकच आहे!"

"हो. छापणाऱ्यांची चूक," तो कौतुकाने म्हणाला. कौतुकाने! माझ्या हातून अशी चूक झाली असती तर ह्याच माणसाने तासभर मीटिंग घेतली असती.

"ह्या सेटमध्ये आधी मधलेच नंबर आले. सुरुवातीचे मागाहून," तो म्हणाला.

मला तर हसू आवरेना. ह्यापेक्षा आमच्या पुण्यातल्या सोसायटीतलं पार्किंग बरं! पण तोंडावर 'वॉव, गॉर्डन' चालूच होतं. खुर्चीचा प्रश्न होता ना.

शेवटी त्याने एक वेगळीच फाईल काढली. सगळ्यात जुना सेट, त्याच्या आजोबांच्या लहानपणचा. म्हणाला, "हा मात्र पूर्ण आहे. कम्प्लीट."

कम्प्लीट? टेस्टरसमोर हा शब्द उच्चारायचा नसतो. माझे डोळे आपोआप नंबरांवरून फिरले. पंचाण्णव, शहाण्णव, रिकामा खिसा, अठ्ठ्याण्णव.

"गॉर्डन!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "सत्त्याण्णव कुठाय?"

त्याचे डोळे चमकले. "आहा! तुझ्या लक्षात आलं! त्याची गंमत अशी आहे, मेधा..."

आता खरं तर इथे मी गप्प बसायचं. माणूस बोलतोय, बोलू द्यायचं. पण मला ते चमकणं म्हणजे पाणी वाटलं, डोळ्यांतलं! वाटलं, बिचारा! जन्मभर शोधतोय आणि सापडत नाहीये. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही बोलू नकोस. आय अंडरस्टँड."

तो गोंधळून बघत राहिला. तेवढ्यात वरून त्याच्या बायकोने ॲपल पाय खायला हाक मारली, आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जाहीर केलं, "गॉर्डनला घड्याळ-बिड्याळ काही द्यायचं नाही. आपण त्याला सत्त्याण्णव नंबर देणार."

गुरप्रीत आमच्या टीममधला सरदारजी, अतिशय सावध मुलगा. तो म्हणाला, "मेधाजी, जो चीज़ उनको नहीं मिली, हमें कहाँ मिलेगी?"

"शोधता यायला हवं, गुरप्रीत," मी म्हटलं. सूर असा, की त्याने पुन्हा विचारू नये. सगळ्यांनी निमूटपणे वर्गणी काढली.

आणि सापडलं की हो! इंटरनेटवर एका जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नंबर सत्त्याण्णव! प्रत्येक संग्राहकाकडे नसलेलं कार्ड!' खाली बारीक अक्षरांत पुष्कळ काहीतरी होतं. ते कोण वाचतंय! गॉर्डनला इतकी वर्षं न सापडलेली वस्तू मला जेवणाच्या सुट्टीत सापडली. ह्या लोकांचं कसं होतं कोण जाणे, असं म्हणत मी डबा संपवला.

विकणारा जवळच्याच ग्वेल्फ गावचा निघाला. नाव रँडी. शनिवारी एका कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. बर्फ पडत होता. हा गडी गाडीतून उतरला तो झाडूसारख्या मिशा आणि डोक्यावर जुनाट टोपी. मनात म्हटलं, अवतार बघा!

त्याने कार्ड हातात दिलं. मी लगेच उलटं करून मागचा नंबर बघितला. सत्त्याण्णव. टेस्ट पास!

रँडी म्हणाला, "मॅम, ह्या नंबरची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल? की हे कार्ड कधीच..."

"कधीच कोणाला सापडत नाही. माहितीये मला." हा आता भाव वाढवणार, हे मी ओळखलं. असले पुष्कळ बघितलेत तुळशीबागेत.

"बरं. आणि चित्रातला माणूस ओळखलात का?" हे विचारताना त्याच्या मिशा थरथरत होत्या.

आता ह्याच्यासमोर अज्ञान दाखवायचं? मी कार्डाकडे न बघताच म्हणाले, "म्हणजे काय! फार मोठा खेळाडू!"

रँडीचा चेहरा असा फुलला म्हणता! "खरंच? असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सही करून देऊ का त्यावर?"

"खबरदार!" मी किंचाळले. इतकी जुनी वस्तू, आणि हा बावळट त्यावर पेन चालवायला निघाला! मी पैसे दिले, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि गाडीत जाऊन बसले. तो मात्र बर्फात उभा राहून हात हलवत होता.

कार्ड मी चांगल्यापैकी, दोन्हीकडून काच असलेल्या फ्रेममध्ये घालून घेतलं, नंबराची बाजू पुढे.

निरोपाच्या दिवशी मोठे साहेबसुद्धा हजर होते. मी भाषण केलं. सचोटी, चिकाटी, शोध, सगळे शब्द वापरले. मग फ्रेम गॉर्डनच्या हातात दिली. "गॉर्डन, युअर सेट इज नाऊ कम्प्लीट!"

गॉर्डनने नंबर बघितला. फ्रेम उलटी केली. पुन्हा सुलटी केली. त्याचा चेहरा लाल झाला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. माझेही डोळे भरून आले हो!

पण गॉर्डन हसत होता! टेबलाला धरून, श्वास लागेपर्यंत हसत होता.

फ्रेम हातोहात फिरली. ती गुरप्रीतकडे आली तसा तो हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "मेधाजी, पुराने ज़माने के खिलाड़ी ने डिजिटल घड़ी पहनी है."

मी पहिल्यांदा चित्राकडे नीट बघितलं. झाडूसारख्या मिशा. जुनाट टोपी. बॅट खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघून हसणारा रँडी!

धरणी दुभंगत नाही हो अशा वेळी. तिथे खाली नुसतं कार्पेट होतं.

गॉर्डनने डोळे पुसले आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. ही कार्डं च्युइंगगमच्या पाकिटात यायची. पोरांनी गम घेत राहावा म्हणून कंपनीने एक नंबर मुद्दामच छापला नव्हता. पोरं सत्त्याण्णवसाठी पाकिटावर पाकीट फोडत राहायची, आणि सत्त्याण्णव मुळात नव्हतंच! जाणकारांना हे ठाऊक असतं. म्हणून रँडीसारखे हौशी लोक त्या नंबराची गमतीची कार्डं काढतात, स्वतःचेच फोटो घालून. त्याने मला सांगायचा प्रयत्नही केला होता. आणि गॉर्डननेही!

"मेधा," गॉर्डन प्रेमाने म्हणाला, "ही युक्ती आठ वर्षांच्या मुलांसाठी होती."

मोठे साहेब सगळ्यात जोरात हसले.

खुर्ची मिळाली म्हणा मला. गॉर्डननेच नाव सुचवलं होतं, ते आधीच पक्कं झालं होतं. पण आमच्या ऑफिसात अस्तित्वातच नसलेला बग कोणी शोधून काढला, की त्या बगला आजही 'नाइन्टी-सेव्हन' म्हणतात. नव्या मुलांना त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी सांगतात, मी शेजारी उभी असताना!

त्या दिवशी मात्र ते सगळं गिळून मी घरी आले. नवऱ्याला सांगून मोकळं व्हावं म्हटलं. शिरीषने जराही न हसता सगळं ऐकून घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे.

मग त्याने शांतपणे विचारलं, "त्या पोरांना निदान गम तरी मिळाला. तुला काय मिळालं?"