वरच्या सुरातली दुसरी बाई

ताईचा घसा कापायचं ठरलं तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर बाई जगेल, पण आवाज राहणार नाही. ताई सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात गायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर मंडळ उभं राहिलं की पहिली ओळ तिची. ऑपरेशनचं ऐकून ती रडली नाही. मला म्हणाली, "पोरीले मोठी झाल्यावर पाळणा कोण म्हणून दाखवन गा? कुठं भरून ठेवता येते काय पाह्य."

आवाज भरून ठेवण्याची सोय गावात नुकतीच झाली होती. लग्नांना लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांनी स्टुडिओ काढला होता. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे होते, त्यांनी ध्वनी आणि राष्ट्र या विषयावर भाषण केलं, आणि तेच त्या स्टुडिओतलं पहिलं ध्वनिमुद्रण. ते पुढे कोणी ऐकल्याचं माझ्या कानावर नाही. बाकी स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोधड्या ठोकलेली एक खोली.

माइकमधून निघणारा आवाज मुळात अगदी बारीक असतो. तो टेपच्या यंत्राला ऐकू जाईल इतका मोठा करणारा डबा म्हणजे प्रीॲम्प. मालकांकडे असे दोन डबे होते. एक विलायती, कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून आणलेला. त्याच्या आत काचेच्या नळ्या लाल तापत, वर मखमलीचं फडकं आणि कुंकवाचं स्वस्तिक. दुसरा त्यांच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यातला जुना ॲल्युमिनियमचा डबा. तो कोपऱ्यात होता आणि त्याच्या नशिबी स्वस्तिक नव्हतं.

मालकांनी ताईला दोन्हींवर एकेक ओळ म्हणायला लावली आणि ऐकवली. जुन्या डब्यातून घोगरेपणा जसाच्या तसा आला, घशातली खरखर मोजून घ्यावी इतका. विलायती डब्याने ती खरखर लपवली आणि आवाजाला गोलाई दिली.

"हा," ताई विलायती डब्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आजाराच्या आधी मी अशीच गात होती."

ती तशी कधीच गात नव्हती. तिच्या आवाजाला धार होती. पण घर सोडून जाताना बाई कोणती साडी नेसते हे दुसऱ्याने ठरवू नये.

डॉक्टरांनी घसा जपायला सांगितला होता, म्हणून डब्याची बटणं जुळवायला तिच्या जागी मी उभा राहिलो आणि पाढे म्हटले. काटा हलला, मालक समाधानाने मान हलवत राहिले. मग खसचा कूलर बंद केला, कारण त्याची घरघर टेपवर येते. उन्हाळ्याचे दिवस, खोलीची भट्टी झाली.

ताईने पाळणा सुरू केला. नावाला पाळणा, त्याने झोपलेलं मूल उठलं असतं. पहिली ओळ भरून आली. वरचा सूर आला, आणि ताईने मान डावीकडे वळवली. टेपवर तो सूर शेजारच्या घरातून आल्यासारखा लागला.

"बाई, मान हलवू नका ना," मालक म्हणाले. "माइक तर समोर आहे."

"हलवून कुठं राहिली मी?" ताई म्हणाली.

तिला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडच्या साऱ्या गाणाऱ्या बाया असंच करतात. मैदानावरच्या भोंग्यात वरचा सूर सरळ सोडला की भोंगा किंचाळतो, म्हणून सूर चढला की तोंड माइकवरून काढून घ्यायचं. मंडळात मागून ओळ उचलत झील धरणाऱ्या बाया ताईच्या डाव्या हाताला असत, म्हणून ती डावीकडे वळायची. मालकांनी गेन, म्हणजे डब्याने आवाज वाढवण्याचं प्रमाण, कमी केला, आता सरळ गा म्हणाले. ताई मान ताठ धरून गायली. मान राहिली, गाणं गेलं. तिलाही ते कळलं.

मग मालकांनी तोडगा काढला. डाव्या बाजूला दुसरा माइक लावला आणि त्याला जुना डबा जोडला. मी म्हटलं, दोन डब्यांचा आवाज वेगळा आहे. ते म्हणाले, "साहेब, मिक्समध्ये सब मिसळून जाते." उद्घाटन करवून घेतलेल्या माणसाचा आत्मविश्वास होता तो.

ताई गायली, मान वळवून, मनासारखं. शेवटच्या कडव्यापर्यंत आवाज टिकला. मग टेप ऐकली. जुना डबा मैदानासाठी होता. शब्द लांबवर कळावेत म्हणून त्यातून भारदस्तपणा आधीच कापून टाकलेला. खालच्या सुरात एक गोल गळ्याची बाई गात होती, आणि वरचा सूर आला की तिला बाजूला सारून दुसरीच, पातळ, नाकातली बाई पुढे येत होती.

"मी पुन्हा म्हणतो," ताई म्हणाली आणि उभी राहिली. पहिल्या ओळीतच घसा बसला. तोंड उघडं, पण नुसती हवा.  मालकांनी जाऊन कूलर लावला.

ऑपरेशन झालं. ताई जगली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसंच सगळं झालं.

भाची मोठी झाली. टेपची कॅसेट करून घेतली होती, ती ऐकत ऐकत ती पाळणा शिकली. आता ती मंडळात उभी राहते. खालचे सूर गोल, आणि वरचा सूर आला की आवाज पातळ करून नाकात नेते. बाया म्हणतात, "अगदी मायवर गेली वं पोरगी." ताई समोर बसलेली असते. वरच्या सुराला ती स्वतःच्या पोटावर तळवा दाबून पोरीला दाखवते, इथून काढ, इथून.

मी एकदा भाचीला म्हटलं, "तुझी माय वरचा सूर असा नव्हती लावत. तो जड यायचा, पोटातून."

"मामा, टेपवर असाच आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही काहून चुका काढून राहिले? मी रोज ऐकतो."

 गाऊन दाखवावं तर मला पाढ्यांपलीकडे काही येत नाही. मी ताईकडे पाहिलं. तिने मला हातानेच राहू दे म्हटलं, आणि पोरीला बोटाने खूण केली, पुन्हा म्हण.