तीन नंबरच्या मशीनवरचं नाव

आधीच सांगून टाकतो, कारण खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी विचारणारच... माझा भूत, आत्मा, करणी यांतल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आठ वर्षं सायबर कॅफे चालवलेल्या माणसाला भुतांची भीती उरत नाही हो. बंद पडणारा प्रिंटर, जाणारी लाइट आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला उसळणारी गर्दी, एवढं त्याला पुरतं.

गोंदियाहून मुर्रीकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान होतं. पाच कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, पत्र्याचं छप्पर. २०१० च्या आसपासची गोष्ट. घरी कॉम्प्युटर कोणाकडेच नसायचा, त्यामुळे एकेका मशीनवर दिवसाला वीस जण बसायचे आणि उठताना लॉग आउट करायचं एकाच्याही डोक्यात यायचं नाही. मग भांडण माझ्याशी. "भैया, मेरा मेल कोई और पढ़के गया!" अरे बाबा, तूच उघडा ठेवून गेलास ना!

कुकी म्हणजे काय, हे मी त्या आठ वर्षांत इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेवटी मलाच झोप यायची. तुम्ही एखाद्या साइटवर गेलात की ती साइट तुमच्या ब्राउझरमध्ये छोटीशी चिठ्ठी ठेवते — हा येऊन गेला, पुढच्या वेळी आला की ओळखायचं. घरच्या कॉम्प्युटरवर ती सोय असते, कॅफेत मात्र डोक्याला ताप. म्हणून रोज दुकान बंद करण्याआधी मी पाचही मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकी पुसायचो. हवी ती एक ठेवून बाकीच्या पुसायचीही सोय असते. ती मी आयुष्यात एकाच व्यक्तीसाठी वापरली, वर्षा नावाच्या मुलीसाठी.

वर्षा मुर्रीची. डी.एड. झालेली, नोकरीच्या मागे लागलेली. कायम तीन नंबरवर बसायची, कारण तिथला कीबोर्ड धड होता. एके दिवशी तिने एका भरतीच्या साइटवर खातं उघडलं, फोटो टाकला, 'मला लक्षात ठेवा'च्या चौकोनात टिक केली आणि गेली. ओरिजनल सर्टिफिकेटं मात्र माझ्याच टेबलावर विसरली. संध्याकाळी लाइटचा असा झटका बसला की तीन नंबरचा पॉवर सप्लाय उडाला आणि मशीन तीन आठवडे बंद पडून राहिलं. त्या दिवशीच्या कुकी पुसायच्या राहून गेल्या. तेवढ्यात वर्षाला ताप आला, तो मेंदूत गेला आणि पाचव्या दिवशी पोरगी गेली.

मशीन दुरुस्त होऊन आलं त्याच आठवड्यात तिची आई सर्टिफिकेटं न्यायला आली. फॉर्म पूर्ण झाला होता का, एवढंच बघावं म्हणून मी ती साइट उघडली... तर वर कोपऱ्यात फोटो आणि 'वेलकम, वर्षा'.

मावशींना वाचता येत नव्हतं, पण फोटो तर दिसत होता. त्या खुर्चीत बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या यायला लागल्या. मी साइट उघडून द्यायचो. त्या बघायच्या, पदराने डोळे पुसायच्या, जायच्या. मी समजावलं, "मावशी, हे वर्षा नाही. ही नुसती कॉम्प्युटरची आठवण आहे. कधी ना कधी जाणारच."

"असन बापा," त्या म्हणाल्या. आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्याला पीठ पसरून टोपल्याखाली झाकतात आणि गेलेल्याचं पाऊल उमटलं का ते बघतात. "दहाव्याले पाह्यलं मी. पीठ जसंच्या तसं होतं. माही पोरगी घरी आलीच नाही, भाऊ. इथं त येऊन राह्यली."

खरं सांगायचं तर मला त्या मंगळवारांचा कंटाळाही यायला लागला होता. त्या बसल्या की सगळं दुकान चिडीचूप व्हायचं, आणि तीन नंबर अर्धा-अर्धा तास अडकून पडायचा. तरी रोज संध्याकाळी मी तीन नंबरवरची तेवढी एक कुकी सोडूनच बाकीच्या पुसत होतो.

असे तीन-चार महिने गेले. मग एका सोमवारी, त्याच भरतीच्या शेवटच्या दिवशी, बोदलकसाकडची एक मुलगी फॉर्म भरायला आली. बाकीची मशीन भरलेली, म्हणून तिला तीन नंबरवर बसवलं आणि गर्दीच्या नादात विसरलो. थोड्या वेळाने ती प्रिंट घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"भैया, हा कोनाचा फोटो आहे? नावबी माह्यं नाही..."

तिने सगळा फॉर्म वर्षाच्या खात्यात भरला होता. मी खूप प्रयत्न केले, पण लॉग आउटचं बटणच चालेना. दुसरं मशीन रिकामं होण्याची वाट बघण्यात लाइट गेली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. शेवटी मी कुकी पुसली. सगळ्याच पुसल्या. साइटने कोरी पाटी दाखवली, त्या मुलीने नवं खातं उघडलं, फॉर्म गेला. ती गेल्यावर मी तिचंही लॉग इन पुसलं आणि यादी रिकामी झाल्याचं डोळ्यांनी पाहिलं. जिवंत पोरीसाठी केलं हो, पण हात आपलेच होते.

मंगळवारी मावशी आल्या. कसं सांगायचं याची मनात चार वेळा उजळणी केली होती. पुराव्यासाठी साइट उघडली.

'वेलकम, वर्षा.' शेजारी फोटो.

मी पान पुन्हा लोड केलं. तेच. कुकींची यादी उघडली, तर रिकामी. कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं, तीही पुसली, ब्राउझर बंद करून उघडला. तेच. मावशी आपल्या नेहमीसारख्या बघत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "भाऊ, आता पुसून टाक."

"काऊन, मावशी?"

"किती दिवस उभी ठेवाची पोरीले? थकली असन. मीबी थकली." मग स्क्रीनकडे बघून, अगदी घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "जाय माय आता. माही काळजी करू नोको."

पुसायला काही उरलंच नव्हतं. पण हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्यासमोर मी रिकाम्या यादीवरच पुसण्याचं बटण दाबलं आणि पान लोड केलं.

नाव नव्हतं. फोटो नव्हता. लॉग इनचे दोन कोरे चौकोन.

मावशींनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि गेल्या. त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. मीही पुढे दोनेक वर्षांत दुकान बंद केलं.

नागपूरच्या एका इंजिनिअर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, सर्व्हरची काहीतरी गडबड असेल. असेलही. तुम्हाला कोणाला कळलं तर जरूर लिहा, मी वाचेन. मला मात्र इतकंच माहीत आहे की मी पुसलं तेव्हा वर्षा गेली नाही. आईने जा म्हटलं, तेव्हा गेली.